शुगर आणि बीपी: वर्षाला खर्च किती, आणि कशावर करावा?

डायबेटिस आणि बीपी ही दुखणी एका दिवसात खिसा रिकामा करत नाहीत. दर महिन्याला थोडे थोडे घेऊन जातात, त्यामुळे त्यांचा हिशेब घरात कोणी मांडत नाही. वाण्याच्या यादीत तूरडाळ पाच रुपयांनी वाढली तरी आपल्या लक्षात येते, पण मेडिकलवाल्याने सांगितलेला आकडा आपण न विचारता देतो. आयसीएमआरची 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी सांगते की भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी साधारण 35 टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे हा खर्च घरोघरचा आहे.

या दोन्ही आजारांवर चांगला उपचार लोकांना वाटतो त्याहून बराच स्वस्तात होतो. पैसा जातो तो भलत्याच गोष्टींवर, आणि काटकसर होते ती नेमकी नको तिथे. खाली दिलेले दर पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांतले आणि ढोबळ आहेत. मुंबईत थोडे जास्त धरा, तालुक्याच्या गावी थोडे कमी.

निदानाला किती लागतात?

मधुमेह आहे की नाही हे ठरवायला फार मोठा खर्च येत नाही. उपाशीपोटीची साखर 126 किंवा त्याहून जास्त, जेवणानंतरची (खरे तर ग्लुकोज पाजून दोन तासांनी मोजलेली) 200 किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी 6.5 टक्के किंवा जास्त, हे निकष जगभर चालतात. उपाशीपोटी 100 ते 125 किंवा एचबीएवनसी 5.7 ते 6.4 असेल तर तुम्ही उंबरठ्यावर आहात. लक्षणे नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत. पुन्हा तपासून खात्री करून घेतात. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची मिळून 100 ते 200 रुपये, एचबीएवनसीचे 350 ते 600. हजाराच्या आत निदान होते.

एचबीएवनसी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड टाळून तिला फसवता येत नाही. मात्र रक्तक्षय असेल तर ती दिशाभूल करू शकते. लोह कमी असलेल्या बाईची एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, थॅलेसेमियासारख्या आजारात कमी. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय इतका आढळतो की हिमोग्लोबिनचा आकडा शेजारी ठेवूनच हा रिपोर्ट वाचायला हवा. हिमोग्लोबिनच्या तपासणीला 100-200 रुपये पडतात.

लॅबमध्ये रक्त काढताना एक गोष्ट स्वतः पाहा. साखरेचे रक्त राखाडी झाकणाच्या नळीत जाते, एचबीएवनसीचे जांभळ्या झाकणाच्या. राखाडी नळीत फ्लोराइड असते, ते रक्तातल्या पेशींना साखर खाऊ देत नाही. साध्या नळीत घेतलेले रक्त तासन्‌तास तसेच पडून राहिले तर साखर खरी असते त्यापेक्षा कमी येते. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा सकाळभर दहा घरे फिरत असेल तर हे विचारणे अगदी रास्त आहे. जेवणानंतरची साखर द्यायची तर दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, रोजचेच जेवण जेवायचे आणि रोजची गोळी घ्यायची. तपासणी आहे म्हणून त्या दिवशी गोळी चुकवणारे किंवा नुसती पेज पिऊन जाणारे कितीतरी जण असतात. त्यांचा रिपोर्ट डॉक्टरांच्या काहीच कामाचा नसतो, दीडशे रुपये मात्र गेलेले असतात.

रक्तदाबाच्या निदानाला तर मशीन आणि वेळ एवढेच लागते. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर येत असेल तर उच्च रक्तदाब समजतात. घरी मोजताना 135/85 ही रेघ धरतात, कारण डॉक्टरांसमोर अनेकांचा आकडा वर चढतो. दंडाला बांधायचे डिजिटल मशीन 1,500 ते 2,500 रुपयांत मिळते. मनगटाचे घेऊ नका. पट्टा दंडाच्या घेराला बसतो का ते दुकानातच बघा. जाड दंडाला छोटा पट्टा आवळला तर आकडा उगाच जास्त दाखवतो. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला, बोलणे बंद. दोनदा मोजा आणि तारीख टाकून वहीत लिहा. या वहीमुळे कितीतरी जणांची नको असलेली दुसरी गोळी वाचते.

‘फुल बॉडी’ पॅकेजचे गणित

‘999 रुपयांत 80 तपासण्या’ या जाहिराती आता प्रत्येक मोबाइलवर येतात. त्यातल्या तपासण्या मोजून बघा. एका साध्या रक्तगणनेचे वीसेक आकडे वेगवेगळ्या तपासण्या म्हणून मोजलेले असतात, लिव्हरचे दहा-अकरा, आणि कोलेस्टेरॉलचे आकडे एकमेकांना भागून काढलेली गुणोत्तरेही त्यातच. मधुमेह्याला वर्षातून एकदा ज्या तीन गोष्टी हव्यातच, त्या या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा नसतात. लघवीतल्या प्रथिनाची तपासणी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि पावलांची तपासणी.

लघवीच्या तपासणीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो असे तिचे नाव, चिठ्ठीवर ‘एसीआर’ लिहिलेले असते, दर 400 ते 800 रुपये. सकाळच्या लघवीचा थोडासा नमुना पुरतो. मधुमेहाने मूत्रपिंडावर घाव घालायला सुरुवात केली की लघवीत अगदी थोडे प्रथिन उतरू लागते. त्या वेळी रक्तातले क्रिएटिनिन अनेकदा नॉर्मलच असते आणि माणसाला काहीही जाणवत नाही. या टप्प्यावर सापडले तर योग्य गोळ्यांनी घसरण बरीच लांबवता येते. नंतर सापडले तर डायलिसिस, म्हणजे बहुतेकांना आठवड्यातून तीनदा, आणि खासगीत प्रत्येक वेळी साधारण दीड ते अडीच हजार रुपये. रिपोर्टांची जाडजूड फाइल घेऊन येणाऱ्यांना मी ही तपासणी कधी केली असे विचारते, तेव्हा बहुतेक जण कोऱ्या चेहऱ्याने बघतात. त्यांच्या फायलीत व्हिटॅमिन डी दोनदा असते, थायरॉइड तीनदा असते, एसीआर एकदाही नसते.

डोळ्यांसाठी बाहुली मोठी करून पडदा तपासतात, 300 ते 1,000 रुपये. ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयात याहून कमी. चष्म्याच्या दुकानातली नंबर तपासणी म्हणजे ही तपासणी नव्हे. पावलांची तपासणी डॉक्टर नायलॉनच्या बारीक तंतूने करतात, तिचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत. पण पायमोजे काढा असे डॉक्टर म्हणाले नाहीत तर तुम्हीच काढा. घरी रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. संवेदना कमी झालेल्या पायांसाठी एमसीआर (मऊ रबराची) चप्पल मिळते, 500 पासून पुढे. उन्हाळ्यात देवळाच्या फरसबंद अंगणात अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे भाजून घेतलेले मधुमेही दरवर्षी दवाखान्यात येतात. त्यांना चटका बसलेला कळतच नाही.

याखेरीज वर्षातून एकदा लिपिड प्रोफाइल (400 ते 800), क्रिएटिनिन (150 ते 250) आणि ईसीजी (200 ते 400). साखर आटोक्यात असेल तर एचबीएवनसी सहा महिन्यांनी, नसेल तर तीन महिन्यांनी. एवढे धरून तपासण्यांचा वर्षाचा खर्च साडेतीन ते पाच हजारांत बसतो.

चिठ्ठी समोर ठेवून

आता गोळ्या. ओळखीतल्या एका गृहस्थांची चिठ्ठी घेऊ: वय 58, दोन्ही आजार, महिन्याचे बिल 2,300 रुपये. चिठ्ठीवर पाच ओळी. तीन औषधे एकत्र असलेली डायबेटिसची गोळी, दोन औषधे एकत्र असलेली बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, नसांसाठी म्हणून व्हिटॅमिनची लाल कॅप्सूल आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची गॅसची कॅप्सूल. शेवटच्या दोन ओळींचेच महिन्याला 850 रुपये होत होते.

गॅसची कॅप्सूल तीन वर्षांपूर्वी एका अँटिबायोटिकबरोबर पंधरा दिवसांसाठी लिहिली होती, ती तशीच चालू राहिली. व्हिटॅमिनच्या कॅप्सूलची गोष्ट निराळी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यावर काहींच्या शरीरात बी-12 खरोखरच कमी होते आणि शाकाहारी माणसाला तो धोका जास्त. म्हणून ही कॅप्सूल डोळे झाकून बंद करू नये. एकदा बी-12 तपासावे आणि कमी असेल तर साधी बी-12 ची गोळी घ्यावी. दहा घटक कोंबलेल्या वीस रुपयांच्या कॅप्सूलची बहुतेकांना गरज नसते. या गृहस्थांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन्ही ओळींबद्दल विचारले. डॉक्टरांनी एक काटली, दुसरी बदलली.

जुनी, खात्रीची औषधे आज खूप स्वस्त आहेत. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही सगळी राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत आणि यादीतल्या ताकदीच्या सुट्या गोळ्यांच्या किमतीला सरकारने कमाल मर्यादा घातलेली आहे. नव्या औषधांचेही पेटंट एकेक करून संपले. सिटाग्लिप्टिनचे 2022 मध्ये संपले आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रात 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना, 100 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 100 रुपयांना आल्या. तेव्हा बाजारातले ब्रँड 162 ते 258 रुपयांना होते. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च 2025 मध्ये संपले आणि साठेक रुपयांच्या एका गोळीला दहा रुपयांच्या आसपासचे कितीतरी पर्याय उभे राहिले. मूत्रपिंड आणि हृदय या दोन्हींना जपणारे हे औषध महाग म्हणून ज्यांना लिहिले गेले नाही, त्यांनी आता डॉक्टरांकडे तो विषय पुन्हा काढावा.

जनऔषधीची गोळी कमी प्रतीची असते का, हा प्रश्न नेहमी येतो. औषध बाजारात आणण्याचे नियम तिलाही तेच लागू आहेत आणि केंद्रांना पुरवठा होण्याआधी प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. खात्रीचा सोपा मार्ग तुमच्याच हातात आहे. गोळी बदला, बीपी आठवडाभर वहीत लिहा, तीन महिन्यांनी एचबीएवनसी बघा. आकडे जागेवर असतील तर प्रश्न मिटला. अडचण येते ती पुरवठ्याची. एखादी ताकद महिनाभर मिळत नाही असे होते. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी जा. आणि दुकानदाराने ‘हे घ्या, तेच आहे’ म्हणून परस्पर बदललेली पट्टी स्वीकारू नका. डॉक्टरांकडूनच औषधाचे मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे ब्रँड निवडायची मोकळीक तुम्हाला राहते.

एकत्रित गोळीचा फायदाही आहे: पाचऐवजी दोन गोळ्या असतील तर माणूस त्या विसरत नाही. तोटा असा की तीनपैकी एकाच औषधाचा डोस बदलायचा तर सगळीच पट्टी वाया जाते. आजार स्थिरावेपर्यंत सुट्या, नंतर एकत्र, हे मला योग्य वाटते.

इन्सुलिनबाबत एक धोक्याची सूचना. आपल्याकडे साध्या इन्सुलिनची कुपी बहुधा मिलिलिटरला 40 युनिटची असते, तिची सिरिंज लाल झाकणाची. 100 युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी झाकणाची. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट जास्त किंवा तितकाच कमी जातो. कुपी आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा दुकानातच जुळवून घ्या. साध्या मिश्र इन्सुलिनची कुपी दीड-पावणेदोनशेत मिळते, नवी अ‍ॅनालॉग इन्सुलिन आणि पेन कितीतरी महाग. रात्री साखर वारंवार उतरत असेल तर तो जादा खर्च सार्थकी लागतो, एरवी साध्यावरही अनेकांचे छान चालते. ग्लुकोमीटर 500 ते 1,500 रुपयांत येतो, खरा खर्च स्ट्रिपचा, एक 15 ते 25 रुपये. यंत्र घेण्याआधी स्ट्रिपचा दर विचारा. इन्सुलिन न घेणाऱ्या, साखर स्थिर असलेल्या माणसाने रोज बोट टोचण्याची गरज नाही.

उपासांचेही बोलायला हवे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणारा माणूस आषाढीला निर्जळी करतो आणि गोळी मात्र नेमाने घेतो; दुपारी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. साखर 70 च्या खाली गेली की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठायचे. उलट साबुदाण्याची खिचडी दोनदा खाल्ली की साखर भसाभस वाढते. नवरात्राआधी डॉक्टरांना फोन करून डोस विचारून घेतला तर रुग्णवाहिकेचा खर्च वाचतो.

बिनपैशाचा दवाखाना

सरकारी दवाखान्याचे नाव काढले की मध्यमवर्गीय घरात नाक मुरडले जाते. या दोन आजारांपुरते तरी हे बदलायला हवे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो त्याचाच. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 मध्ये पाच राज्यांत सुरू झाला तेव्हा आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात होते. तिथली पद्धत अगदी साधी होती. ठरलेली दोन-तीन स्वस्त औषधे ठरलेल्या क्रमाने, महिन्याच्या गोळ्या हातात, आणि जो आला नाही त्याला फोन. शहरातल्या अनेक महागड्या दवाखान्यांत हा शेवटचा फोन होत नाही. औषधांचा तुटवडा, रांग, सकाळची मर्यादित वेळ या तक्रारी खऱ्या आहेत. तरी निदान तपासण्या तिथे करून घ्यायला काहीच हरकत नाही.

विम्याबद्दल गैरसमज फार आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजना, सत्तरीपुढच्यांसाठीचे आयुष्मान वय वंदना कार्ड, दोन्हींचे पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. खासगी पॉलिसीतही ओपीडी बहुधा नसते. 2024 च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबायला लावू शकते. मधुमेह लपवून पॉलिसी घेऊ नका. क्लेमच्या वेळी जुना रिपोर्ट निघतोच. जुन्या करप्रणालीत असाल तर प्रतिबंधात्मक तपासणीचे 5,000 रुपयांपर्यंत 80-डी खाली दाखवता येतात, आणि विमा नसलेल्या ज्येष्ठांचा औषधपाण्याचा खर्च 50,000 पर्यंत, मात्र तो रोखीने केलेला नसावा.

आता वर्षाची बेरीज. दोन्ही आजार, आकडे स्थिर, जुनी औषधे जनऔषधीतून: गोळ्या महिन्याला 200 ते 350, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त चार हजारांच्या आसपास. तपासण्या चार-पाच हजार. एम.डी. डॉक्टरांच्या चार भेटी, प्रत्येकी पाचशे धरून, दोन हजार. एकूण दहा-अकरा हजार. त्याच माणसाचा ब्रँडेड एकत्रित गोळ्या आणि अनावश्यक कॅप्सूलांसह खर्च सहज तीस हजारांवर जातो, आणि बहुतेकदा त्यात एसीआर आणि डोळे नसतातच. ‘शुगर फ्री’ बिस्किटे आणि ‘डायबेटिक’ आटा यांचे पैसे मी यात धरलेले नाहीत. ते वाचवून चांगले बूट घ्या आणि चाला. सुरुवातीच्या काही वर्षांत वजन चांगले उतरवले तर काहींच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होतात, बंदही होतात.

‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी हमी देणाऱ्या चूर्ण-काढ्यांच्या जाहिराती 1954 च्या कायद्याने गुन्हा ठरतात. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही त्या कायद्याच्या यादीत आहेत. त्यासाठी चालू गोळ्या सोडणारे लोक काही महिन्यांत रुग्णालयात दिसतात, म्हणून अशी जाहिरात दिसली की अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. औषधाच्या कमाल किमतीची शंका असेल तर औषध मूल्य प्राधिकरणाचा 1800-111-255, किंवा ‘फार्मा सही दाम’ हे अ‍ॅप. तक्रारीला बिल लागते, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेली हवी. कापलेल्या पट्टीवर मुदत दिसत नसेल तर ती घेऊ नका.

घरात तिशी ओलांडलेले कोणी असेल आणि गेल्या वर्षभरात त्यांची साखर आणि बीपी तपासलेले नसेल, तर या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात त्यांना घेऊन जा. आणि ज्यांना मधुमेह आहेच, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून लघवीची एसीआर तपासणी आवर्जून लिहून घ्यावी.